बिननावाची पट्टी

१

रात्रपाळी संपवून घरी आले की चप्पल काढायच्या आधी मी फोन गप्प करते. दारात उभी राहूनच कडेचं बटण दाबायचं, मग ते तीन ठिपके दाबायचे, की आवाजांच्या पट्ट्या एकाखाली एक उघडतात. एका फोनला इतके वेगवेगळे आवाज कशाला लागतात, असं लोक विचारतात. दिवसा झोपणाऱ्या नर्सला विचारा म्हणावं. गाण्यांची पट्टी शून्यावर. मेसेजची शून्यावर, कारण आमच्या नातेवाइकांना सकाळी उठल्या उठल्या फुलांचे फोटो पाठवल्याशिवाय चैन पडत नाही. रिंगची जेमतेम, वॉर्डातून बोलावणं आलं तर कळावं म्हणून. अलार्मची पार वरपर्यंत. मग फोन उशीखाली आणि मी पांघरुणात.

आमच्या घराचा कारभारही असाच चालायचा. मी झोपले की घराचा आवाज खाली, अलार्म वाजला की वर. नवरा घरी बसून पुस्तकांची प्रूफं तपासतो. स्वयंपाकघरातलं टेबल हेच त्याचं ऑफिस, आणि आवाज न करता ओठ हलवत वाचायची त्याला सवय आहे. मुलगी दिवसभर त्याच्याचजवळ असायची. भांडी टॉवेलवर ठेवायची, खुर्ची ओढायची नाही, उचलून सरकवायची, नळ बारीक सोडायचा, हे सगळं ती त्याच्याकडून शिकली. हाका मारायच्या नाहीत, खुणा करायच्या. छातीवर हात ठेवला की आई. गालाखाली तळवा म्हणजे झोपलीय. ती इतकी हलकी चालायची की आम्ही तिला मुंगीच म्हणायचो. एकदा शाळेच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण तिचं बोलणं पहिल्या बाकाच्या पुढे येत नाही. आम्हाला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

मुंगी हिवाळ्यात गेली. ताप मेंदूत चढला, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं आटोपलं. आता घरात कोणाला गप्प बसायला सांगावं लागत नाही. माझा मात्र दिवसा डोळ्याला डोळा लागत नाही.

२

झोप येत नसली की माणूस फोन चाळत बसतो, तशीच मी एका दुपारी पडल्या पडल्या पट्ट्या खालीवर करत होते. गाणी, कॉल, रिंग, मेसेज, अलार्म. प्रत्येकीपुढे तिचं चित्र असतं आणि खाली नाव. अलार्मच्या खाली त्या दिवशी आणखी एक पट्टी होती. तिच्यापुढे चित्र नव्हतं, खाली नावही नव्हतं. ती शून्यावर होती.

फोन स्वतःच काहीबाही बदलून घेत असतो. आज बटण इकडे असतं, उद्या तिकडे. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पट्टी सोडली की फोन नमुन्याला एक आवाज ऐकवतो, रिंगची सोडली तर रिंग, अलार्मची सोडली तर अलार्म. हिचा आवाज कसला असेल ते बघावं म्हणून मी ती बोटभर वर ओढली आणि सोडली.

फोनमधून काहीच आलं नाही. पलीकडच्या खोलीत फरशीवरून पेन्सिल घरंगळल्यासारखं वाजलं, आणि ते मध्येच थांबलं. पेन्सिल भिंतीला लागली की टक् होतं. तसं काही झालं नाही. कोणीतरी तिच्यावर पटकन हात ठेवला असावा, असं ते थांबलं.

पलीकडची खोली मुंगीची. ती आम्ही हिवाळ्यापासून उघडलेली नव्हती. मी उठले, दार लोटलं आणि आत पाहिलं. पलंगावर घडी घातलेली चादर होती, टेबलावर धूळ होती, कंपासपेटी बंद होती. फरशीवर काहीही नव्हतं. उंदीर असेल, वरच्या मजल्यावरचं काही असेल, असं मी स्वतःला बजावलं. मग परत येऊन पट्टी शून्यावर केली आणि बराच वेळ कान टवकारून पडून राहिले. काही वाजलं नाही.

मग मी ती पुन्हा वर केली.

३

मी वॉर्डात काम करते. आपलं माणूस गेल्यावर लोकांना काय काय ऐकू येतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. गेलेल्या नवऱ्याचा खोकला ऐकणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत, मेंदू रिकामी जागा भरून काढतो, असं त्यांना समजावलंही आहे. तेव्हा हेच मी मला समजावलं. नर्सचं समाधान नुसत्या समजावण्याने होत नाही, म्हणून मग तपासून पाहिलं. डोळे मिटून पट्टी कुठेतरी सरकवायची, आवाज येतोय की नाही ते ठरवायचं आणि मग डोळे उघडून बघायचं. एकदाही चुकले नाही. पट्टी शून्यावर असली की खोली मुकी. वर असली की पलीकडे कोणीतरी होतं.

कोणीतरी कशाला म्हणायचं. कंपासपेटीचं झाकण बंद करताना खट् वाजू नये म्हणून अंगठा मध्ये घालून ते हळूच दाबायची रीत एकाच मुलीची होती. वहीचं पान फाडायचं झालं तर ती पांघरुणात शिरून फाडायची. शिंक आली की नाक उशीत खुपसायची. हे सगळं मला आता भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, एखाद्याने कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. जिवंतपणी यातलं काहीच माझ्या कानावर आलं नव्हतं, कारण ते येऊ नये म्हणूनच तर ती हे सगळं करायची. तिचे दिवस कसे गेले हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मी उशी तोंडावर दाबून रडले, आणि खरं सांगायचं तर मला आनंदही झाला.

नवऱ्याला सांगितलं नाही. तो आधीच अर्धा झाला होता. दाढी करायचं सोडून दिलेलं, ती गळ्यापर्यंत आली होती, आणि जेवायला बसला की ताटाकडे बघत राहायचा. त्याच्यापुढे हे घेऊन जायचा धीर मला झाला नाही.

त्याच संध्याकाळी तो चहात साखर ढवळत होता. चमचा कपात गोल गोल फिरत होता, कडेला लागत होता, आणि मला त्याची किणकिण ऐकू येत नव्हती. मला वाटलं, याला आता इतकी सवय झालीय की चमचासुद्धा वाजत नाही.

४

पट्टी एका जागी ठेवून भागत नाही, हे लवकरच लक्षात आलं. काल जिथे ठेवली होती तिथे आज तिचा आवाज लांबून यायचा, उद्या आणखी लांबून. मग थोडी वर करायची. दुखणं जुनं झालं की गोळीचा डोस वाढवावा लागतो, तसंच हे. वाढवणाऱ्याला शेवट माहीत असतो, तरी तो वाढवतो.

मुंगी जवळ आली तसा नवरा लांब गेला. आधी त्याची पावलं गेली. तो मागून यायचा आणि खांद्यावर हात पडला की मी दचकायची. मग त्याचा खोकला गेला, मग आंघोळीच्या पाण्याचा आवाज गेला, मग त्याचं बोलणं विरळ झालं. वाक्यातले दोन शब्द यायचे, चार यायचे नाहीत. मी म्हणायची, "अरे, चहा घेणार का?" तो काहीच बोलायचा नाही. किंवा बोलायचा आणि माझ्यापर्यंत पोचायचं नाही. मी अंदाजाने चहा ठेवायची आणि तो प्यायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली की पुष्कळ संसार अंदाजानेच चालतो, त्यामुळे बाहेरच्या कोणाला काही कळलं नसतं.

मी मूर्ख नाही. या पट्टीचा आणि त्याच्या आवाजाचा संबंध आहे, हे मला कळत होतं. एके दिवशी मन घट्ट केलं आणि ती झरकन खाली ओढली. स्वयंपाकघरातून नवऱ्याचं नाक ओढणं आलं, खुर्ची कुरकुरली, घर पुन्हा राहतं वाटलं. पण पट्टी अगदी शून्याला टेकायच्या आधी पलीकडच्या खोलीतून आणखी एक आवाज आला. मुंगी रडत होती. तोंड उशीत घालून, मला जाग येऊ नये म्हणून श्वास कोंडून रडत होती.

माझा अंगठा आपोआप वर गेला. त्यानंतर ती पट्टी खाली करणं मला कधीच जमलं नाही.

५

वॉर्डात मात्र अंदाजाने चालत नाही. एका पहाटे कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा पाणी मागत होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसून ट्रेमध्ये औषधं लावत होते. ते मागत राहिले, मी लावत राहिले. शेवटी ते स्वतःच उठायला गेले आणि खाली पडणार तेवढ्यात आमच्या मोठ्या सिस्टरने येऊन त्यांना धरलं. मला दिसलं ते एवढंच, की सिस्टर तोंड उघडून माझ्यावर ओरडतेय. तिचे शब्द फार लांबून आल्यासारखे आले.

"कान गहाण ठेवलेस का तू?"

मी रडायलाच लागले. मग ती निवळली, माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "अगं, तू अजून घरी बसायला हवी होतीस. आधी कान दाखवून ये. तोवर वॉर्डात पाय ठेवायचा नाही."

कानाच्या डॉक्टरने मला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातले आणि ऐकू आलं की बटण दाबा असं खुणेने दाखवलं. यंत्राची प्रत्येक शीळ मला ऐकू आली, अगदी सुईच्या टोकाएवढी सुद्धा. तो कागदावरची रेघ बघून मान हलवत होता, विशीतल्या मुलीचे कान आहेत तुमचे, असं काहीतरी म्हणाला असावा. मग त्याने तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि शब्द म्हणायला सुरुवात केली, तेच शब्द मी परत म्हणायचे होते. पुठ्ठ्याच्या वर त्याच्या भुवया हलताना दिसत होत्या. मी वाट बघत बसले. त्याने पुठ्ठा खाली केला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वर धरला.

मला सगळं ऐकू येत होतं. खिडकीचा पंखा, रस्त्यावरचा भोंगा, त्या यंत्राची घरघर. माणसं तेवढी ऐकू येत नव्हती. डॉक्टरने पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली आणि मी ती पर्समध्ये टाकून घरी आले. घरी येऊन पट्टी पाहिली. वर थोडीच जागा राहिली होती.

आता नवऱ्याला सांगायलाच हवं, असं मी त्या दिवशी ठरवलं. मुलगी गेली होती. हा अजून होता. तोही माझ्या डोळ्यांदेखत जाणार असेल तर मग मी उरून काय करायचं होतं? पण आधी एकदा, फक्त एकदा, तिचे शब्द ऐकायचे होते. आजवर तिच्या हातापायांचे आवाज आले होते, बोलणं आलं नव्हतं. मी पट्टी होती नव्हती तेवढी वर नेली.

६

दुपारची वेळ. मी माझ्या खोलीत दार लावून पलंगावर बसले होते. बाहेर ऊन इतकं होतं की पडद्यातूनही भिंत उजळली होती.

पलीकडच्या खोलीचं दार उघडलं. कुरकुरलं नाही, कारण ते थोडं उचलून उघडलं की कुरकुरत नाही. मग पावलं आली, चवड्यांवर टाकलेली, भिंतीच्या कडेने. ती स्वयंपाकघराकडे गेली. थोड्या वेळाने परत आली आणि माझ्या दाराशी थांबली. दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ येते, ती दोन ठिकाणी तुटली.

"बाबा, आई उठली का?"

तो तिचा आवाज होता. पहिल्या बाकाच्या पुढे न जाणारा.

मग शांतता. कोणी उत्तर देत असावं इतका वेळ.

"मग कधी उठणार?"

पुन्हा शांतता.

"मी नुसती बघून येऊ? आवाज नाही करणार."

शांतता.

"बरं."

मला वाटलं, या जुन्या दुपारी आहेत. मी इथे घोरत पडलेली असायची तेव्हा दाराबाहेर हे असं रोज घडत असणार, आणि फोन मला तेच आता ऐकवतोय. असेना का जुनं. मी पलंगावरून उतरले, दाराशी फरशीवर बसले आणि फटीला डोळा लावला. धुळीत पायांची बोटं होती. लहान, उघडी, पुढे सरकून दाराला टेकलेली, चवड्यांवर उभं राहिल्यावर होतात तशी पांढरी पडलेली. करंगळीचं नख वाढलेलं होतं. ते कापायचं राहून गेलेलं मला दवाखान्यात दिसलं होतं.

बोटं वळली. पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

"बाबा, मला उचल ना," ती म्हणाली. मग हळूच हसली. "तुझी दाढी टोचते."

ती होती तेव्हा नवरा रोज गुळगुळीत दाढी करायचा. मुंगीने आपल्या बाबाला दाढीत कधी पाहिलंच नव्हतं.

७

दार उघडून मी बाहेर आले. बोळ रिकामा होता. मुंगीच्या खोलीचं दार उघडं होतं.

नवरा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, माझ्याकडे अर्धी पाठ करून. त्याचे ओठ हलत असणार, हे मला दाढीच्या टोकावरून कळत होतं. किती महिने मी ते बघत होते आणि वाटत होतं, हा प्रूफं वाचतोय. मी पुढे होऊन पाहिलं. टेबलावर प्रूफं नव्हतीच. एक कागदही नव्हता. त्याचे हात मांडीवर काहीतरी सावरून धरल्यासारखे गोल झाले होते.

मी त्याला हाक मारली. तो हलला नाही. ओट्यावर पातेल्याचं मोठं झाकण होतं, ते मी उचललं आणि सरळ फरशीवर टाकून दिलं. आमच्या घरात इतका मोठा आवाज कधी झाला नसेल. झाकण गरगर फिरत राहिलं, माझ्या दातांपर्यंत त्याचे कंप आले. नवऱ्याच्या खांद्याची रेषसुद्धा हलली नाही.

म्हणजे चहाला तो नाही म्हणत नव्हता की हो म्हणत नव्हता. मी विचारलेलं त्याला ऐकूच गेलं नव्हतं. मी जसा अंदाजाने संसार करत होते तसाच तोही करत होता.

मग माझ्या मागून, बोळाच्या तोंडाशी, अगदी माझ्या कमरेइतक्या उंचीवरून आवाज आला.

"बाबा, आई उठली."

नवऱ्याने मान वळवली. आधी त्याने माझ्या मागे, खाली, कशाकडे तरी पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्याचे गाल ओले होते. मला मागे वळायचं होतं. मान वळेना. कमरेपाशी साडीला उबदार श्वास लागत होता, लहान मूल धावून आल्यावर टाकतं तसा.

त्याचा फोन टेबलावर उताणा पडला होता. पट्ट्या उघड्या होत्या. गाणी, कॉल, रिंग, मेसेज, अलार्म, आणि खाली ती बिननावाची. ती पार वर होती.

८

आम्ही दोघं बोलायला गेलो. त्याचे ओठ हलले, माझेही हलले असतील. मग दोघंही थांबलो आणि आमच्या जुन्या खुणांवर आलो. आधी त्या मुलीसाठी होत्या, आता आम्हालाच लागल्या. मी फोनकडे बोट केलं आणि हात उलटा केला, कधीपासून? त्याने हात खांद्यावरून मागे नेला, आणखी मागे नेला. माझ्याही आधीपासून. मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. त्याने गालाखाली तळवा धरला. तू झोपलेली असायचीस. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझी झोप त्याने आजवर जपली तशीच याही वेळी जपली होती, एवढंच.

मी त्याचा हात धरला आणि रडत त्याला दोन्ही फोन दाखवले. माझी पट्टी खाली होत नाही, माझ्याने होत नाही, हे सांगायला खूण लागली नाही. त्यालाही ते माहीत होतं. मग त्यानेच सुचवलं. आपला फोन त्याने माझ्या हातात दिला, माझा आपल्याकडे घेतला आणि अंगठा खाली करून दाखवला. तू माझी खाली कर, मी तुझी करतो. मी मान हलवली. दोघं तरी एकमेकांना उरू.

त्याने माझी पट्टी खाली घ्यायला सुरुवात केली. सावकाश, जखमेवरची पट्टी काढावी तशी. जिन्यात कोणाचं तरी भांडण चाललं होतं ते हळूहळू वर आलं. खाली कोणीतरी गाडी धूत होतं. मग नवऱ्याचा श्वास आला, नाकातून शीळ घालणारा, ज्यावरून मी त्याला उभा जन्म चिडवत आले. आणि या सगळ्याच्या खाली, बुडत चाललेला, मुंगीचा आवाज आला.

"आई, मी आता आवाज केला तर चालेल?"

"कर बाळा," मी म्हणाले. "हवा तेवढा कर."

पुढे काय झालं ते मला ऐकू आलं नाही. पट्टी शून्यावर टेकली होती. कमरेपाशी काही नव्हतं, बोळ मुका झाला होता. ती दुसऱ्यांदा गेली, आणि पहिल्यापेक्षा ते सोपं नव्हतं.

आता माझी पाळी होती. मी त्याच्या पट्टीवर अंगठा ठेवला आणि ती थोडीशी खाली घेतली. त्याने एकदम डोळे मिटले. आणखी थोडी घेतली तसा तो टेबलावर वाकला, पोटात कळ आल्यासारखा, आणि त्याने माझं मनगट धरलं. तो काय ऐकत होता ते मला ऐकू येत नव्हतं, पण मला ते माहीत होतं. उशीत तोंड घालून रडणं. तो मान हलवत होता, नको, नको. फोन हिसकावून घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही, नुसतं मनगट धरून राहिला.

मी वेळ घेतला. ठरलं होतं ते करायला हवं होतं. मी ते केलं असतं तर आज हा माणूस माझ्याशी बोलला असता, आम्ही दोघं म्हातारी झालो असतो. पण मी त्या खोलीचा विचार केला. धूळ बसलेलं टेबल, घडी केलेली चादर, आणि आत एक मुलगी, दिवसभर, कोणी गालाखाली तळवा धरून खूण करायलाही नाही. तिच्याजवळ कोणीतरी असायला हवं. दिवसा नेहमी तोच असायचा.

मी पट्टी पुन्हा वर नेली, पार टोकापर्यंत, आणि फोन त्याच्या तळहातावर ठेवला.

त्याचा चेहरा उजळला. तो माझ्याकडे पाहून काही म्हणणार होता, तेवढ्यात मागून त्याच्या सदऱ्याचं टोक ताणलं गेलं. मुठीएवढ्या जागेत कापड गोळा झालं, चुरगळलं आणि तसंच ताणलेलं राहिलं. तो वळला, गुडघ्यांवर बसला. मी त्याला हाक मारली. मग आमच्या घरात कधी कोणी मारली नसेल इतक्या मोठ्याने मारली. त्याच्या पापणीवरही ती उमटली नाही. तो कोणाच्या तरी कानाशी वाकला होता, ओठांवर बोट धरून, आणि इतक्या महिन्यांनी मला त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"हळू, मुंगी," तो म्हणत होता. "आई झोपलीय."